हाही एक

सिंकखाली तिसरी बाटली, लेबल नसलेली.
कधीकाळी तिच्यात संत्र्याचं सरबत होतं.
दर पंधरवड्याला सायकलवाला यायचा
सूस रोडच्या चढावर दम खात,
"फिनेल, अ‍ॅसिड, फिनेल..."
आणि मी गॅलरीतून दोरीला पिशवी बांधून सोडायचे.

तिसऱ्या महिन्यात डॉक्टर म्हणाल्या,
ताज्या रंगाचा वास नको, झुरळांचा फवारा नको,
डासांची उदबत्ती उशाशी नको,
आणि बाथरूम धुवायला दुसऱ्या कुणाला तरी सांगा.
लिहूनही दिलं, फॉलिक अ‍ॅसिडच्या खाली.
एकाच चिठ्ठीवर दोन अ‍ॅसिडं,
एक रोज घ्यायचं, एकाला शिवायचं नाही.
मला हसू आलं होतं.

दुसरं कुणी म्हणजे वैजयंता.
निलंग्याकडची, पांडवनगरात पत्र्याच्या खोलीत राहणारी,
सकाळी सातपासून पाच घरं.
मी बाटली दाखवली.
तिनं पदर खोचला, आत गेली
आणि दार लावून घेतलं,
मला वास येऊ नये म्हणून.

दार तिनं लावलं.
हे आत्ता लिहिताना दिसतंय. तेव्हा मनात आलं होतं,
किती समजूतदार आहे.

तिलाही पाचवा लागलाय
हे कळलं माझ्या डोहाळेजेवणाच्या आदल्या दिवशी.
फरशी पुसून उठताना तिनं कपाटाला हात टेकला.
"बोलली नाहीस?"
"काम सोड म्हणाला असता."
मी म्हटलं, छे, असं कसं.
पुढं काहीच म्हटलं नाही.
फक्त विचारलं, वास सहन होतो का गं?
ती ओशाळली. "खरं सांगू ताई,
मला त्याचेच डोहाळे लागलेत.
झाकण उघडलं की बरं वाटतं."

दुसऱ्या दिवशी, फुलांच्या झोपाळ्यात,
हिरवी साडी नेसून,
मी ही गंमत सगळ्यांना सांगितली.
कुणाला चिंचेचे, कुणाला मातीचे,
आमच्या वैजूला फिनेलचे.
बायका डोळे पुसून पुसून हसल्या.
ती पानं उचलत होती.

मग एकदा तिनं अ‍ॅसिडवर ब्लीच ओतलं.
कमोडमागचा पिवळा डाग निघत नव्हता,
आणि तो सासूबाईंना रोज दिसायचा.
खोकत बाहेर आली, डोळे लाल, ओठ पांढरे.
मी पाणी दिलं. पंखा लावला.
दहा मिनिटांनी ती परत आत गेली.
डाग निघाला होता, हे सांगायलाच हवं.

माझा मुलगा दोन किलो नऊशे.
तिची मुलगी बत्तिसाव्या आठवड्यात, ससूनला,
एक किलो चारशे ऐंशी.
एकवीस दिवस काचेच्या पेटीत.

मी डॉक्टरांना विचारलं.
एका गोष्टीवर बोट ठेवता येत नाही, त्या म्हणाल्या.
रक्त कमी असेल. खाणं. दिवसभर उभं राहणं.
खोलीतला धूर. कधी कधी काहीच कारण नसतं.
वास? हाही एक असू शकतो.

हाही एक.
त्या एवढ्याशा "ही"पाशी मी बसून आहे.
तो मला सोडत नाही
आणि धड पकडतही नाही.

मुलगी पाच महिन्यांची झाली
तेव्हा वैजयंता परत कामावर आली, तिला घेऊनच.
सिंकखाली वाकून म्हणाली, बाटली कुठंय?
मी सोडा पुढं केला, कापलेलं लिंबू.
तिनं माझ्याकडं पाहिलं,
लहान मुलाकडं पाहावं तसं.
"यानं काय निघतंय?
आणि बाकीच्या चार घरांत कोण लिंबू कापणार आहे?"

पोर माझ्या हातात दिली.
किती हलकी.
टोपडं सरकलं होतं, चोपडलेली टाळू
उडत होती.
मी नाक टेकवलं.
तेलाचा वास. दुधाचा.
तिसरा कुठलाच नाही.
तरी मी हुंगत राहिले,
आणि तिकडं बाथरूमचं दार
तिनं सवयीनं लावून घेतलं.